आळ आलेला ढोल

मित्रांनो, मी एक जुना ढोल आहे. जुना म्हणवून घ्यायला माझी काहीच हरकत नाही. पण पंधरा वर्षं माझ्या नावामागे आणखी एक शब्द चिकटला होता. शाळेच्या सामानाच्या खोलीत, दाराच्या आतल्या बाजूला कुणीतरी खडूनं लिहून ठेवलं होतं : मोडकी बाकं चार, खराब ढोल एक. बाकं मोडकी होती, ते मला समोर दिसत होतं. माझ्यात काय खराब होतं ते मात्र मला काही केल्या कळेना. माझी सगळी गोष्ट ही त्या न कळण्याचीच आहे.

माझा जन्म मेरठचा. आंब्याच्या लाकडाची पातळ फळी वाकवून माझं गोल अंग झालं. दोन्ही बाजूंना बकऱ्याचं कातडं ताणलं गेलं आणि पांढऱ्या दोरीनं मला वरखाली आवळलं. कारागिरानं दोन्ही तोंडांवर एकेक थाप मारली, कान लावून ऐकलं आणि 'ठीक है' म्हणून मला बाजूला ठेवलं. तो 'ठीक है' मी पुढे कितीदा आठवला असेल, सांगता येत नाही.

आगगाडीनं मी पुलगावला आलो. तिथून अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं रोहण्याला, आणि रोहण्याहून बैलबंडीत बसून एका लहान गावातल्या शाळेत. ती छोटी गाडी बंद पडूनही आता कितीतरी वर्षं झाली. बंडीतून मला उतरवून घेतलं ते कवायतीच्या मास्तरांनी. त्यांना सगळे अण्णाजी सर म्हणत. लहानपणच्या आजारानं त्यांचा उजवा पाय आखूड राहिला होता. गावाला ते इतकं ठाऊक होतं, की कुणाच्या लक्षातही नसायचं.

इथे मला माझी एक अडचण सांगितली पाहिजे. बँडचा मोठा ढोल पोटावर बांधतात, त्याचं एक तोंड डावीकडे होतं आणि एक उजवीकडे. तोंडं तेच माझे डोळे. त्यामुळे चालताना मला कुंपणं दिसतात, गोठे दिसतात, ओट्यावर उभ्या बाया दिसतात. समोरचं मात्र काही दिसत नाही. अण्णाजी नेहमी बँडच्या पुढे चालत. पण वाजत असताना मी त्यांना कधी पाहिलं नाही.

तेरा वर्षं मी वाजलो. पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी, गावातली प्रभातफेरी. मुलं बदलत गेली, मी तोच राहिलो. माझा ठोका थोडा वेगळा पडायचा. पहिला लांब, दुसरा आखूड. धूम्… धु, धूम्… धु. गावात त्याचं कुणाला नवल वाटलं नाही. लग्नाचा बँड निराळा आणि शाळेचा निराळा, एवढंच लोक समजत.

तेराव्या वर्षी मला वाजवायला जया आली. आठवीतली मुलगी, बारीक अंगाची. छोटा ड्रम वाजवणारा प्रफुल तिला बघून म्हणाला, "सर, हे पोट्टी ढोलाखाली दबून जाईन."

"ते बाजाराच्या दिवशी वांग्याचं टोपलं डोक्यावर घेऊन येते," अण्णाजी म्हणाले. "तुह्यानं उचलते का टोपलं? मंग चूप बस."

मी तिच्या पोटावर बांधला गेलो तेव्हा माझी कड तिच्या हनुवटीच्या वर आली. टाचा उंचावल्या तरच तिला समोरचं दिसे.

"सर, मले तं तुमचे खांदेच दिसते."

"मंग खांदे पाहून वाजव. मी चालतो तशी चाल."

ती तशीच चालली. तिच्यासारखं मन लावून मला आधी कुणी वाजवलं नव्हतं, असं मी कुणाचाही अपमान न करता सांगतो. हात कधी चुकायचा नाही. वाजवून झालं की ती माझ्या दोऱ्या सैल करायची, कोरड्या फडक्यानं पुसायची, आणि मगच घरी जायची.

त्याच वर्षी आमची शाळा पहिल्यांदा वर्ध्याला शाळांच्या बँडच्या स्पर्धेत उतरली. मैदान मोठं होतं, चुन्यानं पट्टे आखलेले होते. आम्ही वाजवलं. नंबर आला नाही. हातात कागद घेतलेला एक माणूस आमच्याजवळ आला आणि अण्णाजींना म्हणाला, "मुलं तयारीची आहेत हो. पण तुमचा ठोका लंगडतो."

अण्णाजी मुलांकडे वळले. ते रागावले नव्हते, गोंधळले होते. "ठोका लंगडते म्हणतेत. काऊन? मले तं समजलं नाई."

माझ्या कडेवर जयाचा हात होता. मग ती म्हणाली, "ढोल खराब आहे, सर."

मित्रांनो, त्या क्षणी मला काय वाटलं ते कसं सांगू? जिनं मला रोज पुसलं, तिनंच हे म्हणावं? आपल्या आत कुठेतरी चीर पडली असेल आणि आपल्यालाच ती कळली नसेल, असं मला वाटायला लागलं. परतीच्या वाटेवर प्रत्येक खड्ड्याला मी आपलाच आवाज कान देऊन ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी अण्णाजी मला घरी घेऊन गेले. ओसरीत बसून त्यांनी माझ्या दोऱ्या सोडल्या, कातडं उजेडात धरून बघितलं, फळीवर बोटांनी टकटक केलं. पुन्हा आवळलं. एक थाप मारली आणि कान लावला, अगदी त्या मेरठच्या कारागिरासारखा. मी जीव लावून उत्तर दिलं.

त्यांच्या बायकोनं, कोकिळाबाईंनी, आतून विचारलं, "काय निघालं जी?"

"काई नाई निघालं."

"मंग?"

अण्णाजींनी मला भिंतीशी टेकवून ठेवलं. आणि तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःच्या हातानं मला शाळेच्या सामानाच्या खोलीत ठेवलं. त्यानंतर शाळेत बँड झाला नाही.

आता तुम्हीच सांगा, यातून मी काय समजायचं? ज्यांनी मला तपासलं त्यांना माझ्यात काही सापडलं नाही, आणि तरी कोंडलं त्यांनीच. पंधरा वर्षं मी या एका गोष्टीचा विचार केला. माझ्यावर शाळेच्या तांदळाची रिकामी पोती पडली. उंदरानं चामड्याची एक वादी कुरतडली. दारावरची खडूची अक्षरं पुसट झाली, तरी 'खराब' वाचता यायचं.

यंदाच्या मे महिन्यात वादळ आलं आणि शाळेच्या दोन खोल्यांवरचे पत्रे उडून शेतात जाऊन पडले. माझी खोली वाचली. सुट्टी संपल्यावर पहिली-दुसरीची मुलं मारोतीच्या देवळाच्या ओसरीत बसायला लागली. वरून कागद आला म्हणे, की पत्र्यांची सोय होईपर्यंत मुलांना दुसऱ्या गावच्या शाळेत पाठवायचं. छत झालं नाही, तर पुढच्या वर्षी इथे पहिली-दुसरीचे वर्गच नाहीत.

हे मला कळलं ते जयामुळे. एका दुपारी दार उघडलं आणि ती आत आली. साडी नेसलेली, केस बांधलेले, पण मी तिचा हात ओळखला. तिचं कॉलेज आर्वीला झालं, सासर गावातच मिळालं, आणि तिची पिंकी यंदा पहिलीत होती, त्या ओसरीत बसणाऱ्यांतली. दार उघडं ठेवून ती सारखी देवळाकडे बघत होती. पिंकी दिसते ना, पायरीवरून उतरली तर नाही ना. तिच्यामागून प्रफुल आला. आता तो मांडवाचा धंदा करतो. बँडमधली जुनी मुलं जमवून शाळेच्या मैदानावर गरबा ठेवायचा, पास लावायचे आणि त्यातून छत करायचं, असं त्यांचं ठरलं होतं. वाजवायला मात्र बाहेरचं कुणी नाही, आपणच.

प्रफुलनं माझ्यावरची पोती बाजूला केली. "हा तं खराब आहे ना?"

"नाई," जया म्हणाली. "चांगला आहे."

मी ऐकतच राहिलो. पंधरा वर्षांत मला कुणी दुरुस्त केलं नव्हतं. मग मी चांगला कसा झालो?

सराव सुरू झाला. जुन्या बँडमधला किशोर बासरी घेऊन देवळीहून यायचा, तिथे त्याचं दुकान आहे. आणखी तिघं-चौघं होते, कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचे केस गेलेले, पण एकमेकांना चिडवायची रीत शाळेतलीच. अडचण निराळीच निघाली. जया मोबाइलवरची टिकटिक ऐकून घड्याळासारखा सरळ ठोका धरायची, आणि बाकीच्यांचे हात दोन मिनिटांत जुन्या ठोक्यावर जायचे, लांब आणि आखूड. गाडी रुळावरून घसरावी तसं व्हायचं. सगळे थांबायचे.

"जया, आपला ठोका असा नव्हता," प्रफुल म्हणाला.

"हाच बरोबर आहे."

"बरोबर असन. पण आपला नाई ना तो."

"सर समोर बसून राह्यतीन, प्रफुल."

"तं काय झालं?"

तिनं आजूबाजूला बघितलं. बाकीचे पाणी प्यायला गेले होते. ती हळू आवाजात म्हणाली, "तो ठोका सरांच्या पायाचा आहे. मले त्याहीचे खांदे दिसे. उजवा खांदा खाली गेला का माह्या हात आखूड पडे. तुम्ही मागून माह्या ठोका धरत होते. मलेबी माईत नव्हतं. त्या माणसानं लंगडते म्हटलं, अन् मले समजलं. मी सरांले कसं सांगू, का सर, तुमच्या पायानं नंबर गेला? म्हणून ढोलाचं नाव घेतलं."

प्रफुलनं हातातल्या काठ्या खाली ठेवल्या. मग म्हणाला, "तं मंग सरळच वाजवू. सरांले समजाले नाई पायजे."

झालं. मी खराब नव्हतो. पंधरा वर्षांनी हे कळल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं, आणि वाटलंही. पण रागही आला, आणि तो कुणावर धरावा ते कळेना. जयावर धरावा तर तिनं तो आळ मायेपोटी घेतलेला. आणि मुख्य कोडं तसंच होतं. अण्णाजींना तर हे पायाचं माहीत नव्हतं, आणि मी चांगला आहे हे माहीत होतं. मग त्यांनी मला का कोंडलं?

दसऱ्यानंतरच्या रविवारी चार वाजता गरबा ठेवला. सोयाबीनची कापणी चालू होती, तरी माणसं आली. मैदानाच्या मधोमध बायांनी रिंगण धरलं, हातात टिपऱ्या. एका कडेला आम्ही उभे. माझ्या डाव्या बाजूला पहिल्या रांगेत खुर्चीवर अण्णाजी बसले होते, पांढरी टोपी घालून. शेजारी कोकिळाबाई आणि त्यांच्या मांडीवर पिंकी. जयाचा एक डोळा पिंकीवर आणि एक अण्णाजींवर. माझ्यावर एकही नव्हता.

सुरुवात झाली आणि व्हायचं तेच झालं. जया सरळ ठोका धरून होती. प्रफुल दात आवळून तिच्याबरोबर जात होता. किशोरची बासरी मधेच आपल्या जुन्या वाटेनं जायची आणि धावत परत यायची. रिंगणातल्या टिपऱ्या एकमेकींवर वाजण्याऐवजी बोटांवर वाजायला लागल्या. रुख्माबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई रिंगणात होत्या, त्या नाचता नाचता आमच्याजवळ आल्या.

"अवो जया, हे गरबा आहे का कवायत? पायात पाय येऊन राह्यले."

"थांबा ना काकू, बसते आता."

"मी तं बसतोच आता, घरी जाऊन."

त्या खरंच बाजूला झाल्या. त्यांच्यामागे आणखी दोघी. पोरांना घेऊन काही माणसं फाटकाकडे वळली. जया ते बघत होती. तिच्या हातातून काठी दोनदा सुटता सुटता राहिली. रिंगण मोडलं तर छत गेलं, आणि छत गेलं तर पिंकीची शाळा. जुना ठोका धरला तर अण्णाजी समोर. मला तिची दया आली. आणि तरी मी काहीच करू शकत नव्हतो. ढोल फक्त मारणाऱ्याचं ऐकतो.

तेवढ्यात अण्णाजी उठले.

"कुठं चालले जी?" कोकिळाबाईंनी विचारलं.

"घरी. हा माह्या बँड नाई."

ते माझ्या डाव्या अंगानं निघाले. आणि मित्रांनो, वाजत असताना मी पहिल्यांदाच अण्णाजींना चालताना पाहिलं. डावा पाय जमिनीवर टेकून राही, उजवा नुसता शिवून जाई. खांदा खाली, खांदा वर. जयालाही ते दिसलं. तिनं काही ठरवलं असेल असं मला वाटत नाही. तिचा हात त्या खांद्याबरोबर आपला आपण पडला.

धूम्… धु. धूम्… धु.

प्रफुलचा ड्रम एका क्षणात येऊन मिळाला. बासरी घरी आल्यासारखी वाजली. रिंगणात उरलेल्या बायांचा पाय पुढे पडला, अर्धा मागे आला, परत पुढे, आणि टिपरीला टिपरी बरोबर लागली.

अण्णाजी आवाज ऐकून थांबले. जयाचा हात थांबला. तिच्यामागे सगळे थांबले. रिंगण टिपऱ्या वर धरून तसंच उभं राहिलं.

अण्णाजींनी दोन पावलं टाकली. धूम्… धु. ते थांबले. आम्हीही थांबलो.

"वाजवा ना वो," रुख्माबाई परत येत म्हणाल्या. "आत्ता कुठं पाय बसला."

अण्णाजींनी नुसता डावा पाय पुढे ठेवला. धूम्. मग ते आपल्या उजव्या पायातल्या जोड्याकडे बघत राहिले.

"जया."

"हो सर."

"तवाबी असंच?"

"हो सर. तुम्ही म्हटलं होतं ना, मी चालतो तशी चाल."

"अन् ढोल?"

"ढोल चांगला होता, सर. मी खोटं बोलली." तिनं काठी खाली घेतली. "तुमच्या पायाचं नाव कसं घेऊ?"

अण्णाजी माझ्याजवळ आले. माझ्या कडेवर त्यांनी हात ठेवला. "ढोल चांगला आहे, हे मले तवाच समजलं होतं. मी खोलून पाह्यला. मले वाटलं, पोरं माह्या मागं नीट चालतच नाईत. अन् सरांले वाईट वाटू नये म्हणून ढोलाचं नाव सांगून राह्यले. ज्याच्या मागं पोरं चालत नाईत, त्यानं कायले बँड चालवा? म्हणून ठेवून देल्ला." त्यांनी पुन्हा जोड्याकडे बघितलं. "अन् तुम्ही तं इतके बराबर मागं चालले, का माह्या पायबी सोडला नाई."

कोकिळाबाई खुर्चीवरूनच म्हणाल्या, "मी तं चाळीस वर्सं याहीच्या मागं चालून राह्यली. मले कोणी नंबर देल्ला का? आता उभे काऊन जी? चाला समोर. लोकं खोळंबले."

आणि अण्णाजी चालले. रिंगणाच्या बाहेरून, हात मागे बांधून, पूर्वी चालत तसे. जयानं खांद्यावर डोळे ठेवले. फाटकापर्यंत गेलेली माणसं परत आली. दिवस मावळेपर्यंत एकही बाई रिंगणातून निघाली नाही. माझ्या कातड्यावर त्या दिवशी जेवढे ठोके पडले, तेवढे तेरा वर्षांत एका दिवशी कधी पडले नव्हते.

दिवाळी झाल्यावर दोन्ही खोल्यांवर पत्रे चढले. पिंकीचा वर्ग आता खोलीत बसतो आणि त्याच खोलीत, कपाटाशेजारी, एका स्टुलावर मी असतो. सामानाच्या खोलीच्या दारावरचं 'खराब ढोल एक' जयानं ओल्या फडक्यानं पुसून काढलं. मोडकी बाकं चार, एवढं राहू दिलं. मग माझ्यासमोर बसून वादी नवी बांधताना ती हळूच म्हणाली, "तुह्यावर आळ घेतला रे बाप्पा." उत्तर देता आलं असतं, तर मी काय म्हणालो असतो कुणास ठाऊक. बहुतेक 'ठीक है' म्हणालो असतो.

मित्रांनो, एखादी वस्तू खराब आहे असं कुणी सांगितलं, तर तिला कोपऱ्यात टाकण्याआधी एकदा वाजवून बघा. आणि वाजवून ती चांगली निघाली, तर तिथेच थांबू नका, सांगणाऱ्याला विचारा. अण्णाजींनी विचारलं नाही आणि जयानं सांगितलं नाही. दोघांच्याही मनात मायाच होती. तरी त्या मायेपायी दोघं जण पंधरा वर्षं कोपऱ्यात बसले, एक मी आणि एक अण्णाजी.

आता दर शनिवारी शाळेत बँड असतो. अण्णाजी खुर्चीवर बसून बघतात. पुढे जया चालते. सातवीतली वर्षाली नावाची मुलगी मला वाजवते. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "मॅडम, मले तं तुमचे खांदेच दिसते." जयाचे दोन्ही पाय चांगले आहेत. तरी माझ्यातून ठोका निघतो तो तसाच, पहिला लांब, दुसरा आखूड. हे कसं होतं, मला कळत नाही. समोरचं मला अजूनही दिसत नाही.

कळलं नाही तरी चालेल. तुम्ही फक्त वाजवून झाल्यावर माझ्या दोऱ्या तेवढ्या सैल करत जा.